सतरा नंबरच्या झाकणावरचे केस

सोमवार, ३

आज हिनं ही वही माझ्यापुढे टाकली. "स्टुडिओ बंद झाल्यापासून दोन महिने मी एकटी ऐकतेय. आता जे काय बोलायचं ते हिच्यात लिहा आणि मला जरा मोकळं सोडा." चौतीस वर्षं ऐकून घेतलेल्या बाईला एवढी सूट द्यायला हवी, म्हणून मी मुकाट्यानं वही उघडली.

तर वहीबाई, ऐका. मी फोटोग्राफर. पासपोर्ट, ओळखपत्रं, लग्नं, निवृत्तीचे निरोप समारंभ. माझ्या दारातून आत आलेला माणूस बाहेर पडताना दहा वर्षांनी लहान होऊन गेला नाही, असं कधी झालं नाही. पुढे लोकांच्या फोनलाच ही अक्कल आली आणि मी घरी बसलो.

आजपासून मला बागेच्या काचघरात काम मिळालंय. सरकारी बाग, आत दोन काचेची दालनं, आणि त्यातल्या एकात माणसं खात नाहीत म्हणून आभार मानावेत अशी झाडं. यांना घटपर्णी म्हणतात. पानाच्या टोकाला दोरीसारखा तणावा फुटतो, त्याच्या शेवटी घट लोंबतो, घटावर झाकण. किडा गोड वासानं येतो, ओठावरून घसरतो आणि आतल्या पाण्यात विरघळतो. आमच्या मेहुण्याची पतपेढी अशीच चालायची.

अशा शेहेचाळीस कुंड्या आहेत. बहुतेक सगळी संकरित, म्हणजे दोन वेगळ्या जातींची लेकरं. एक दालन मोडून तिथे चहापानाची जागा होणार आहे, त्यामुळे निम्म्या कुंड्यांनाच जागा. ज्या झाडाचे आईबाप ओळखता येतील आणि जे दुसरीकडे सहज मिळत नाही, ते राहणार. बाकी खताच्या खड्ड्यात.

ओळखायचं काम मॅडमचं. मॅडम म्हणजे इथल्या वनस्पतीशास्त्रज्ञ. पण काचघराच्याच ओल्या पायऱ्यांवर घसरून त्यांचा पाय प्लास्टरात आहे, आणि डॉक्टरांनी पुढचा महिनाभर पायरी वर्ज्य केलीय. म्हणून मी फोटो काढायचे, त्यांनी ऑफिसात खुर्चीत बसून ओळखायचं, आणि सतरा तारखेला यादी कमिटीला द्यायची. "मला जे दिसेल ते तुमच्या डोळ्यांनी दिसणार आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, या डोळ्यांनी चाळीस वर्षं गाव सुंदर केलंय.

मंगळवार, ४

पहिला तास फुकट गेला. कॅमेरा आत नेला की भिंगावर वाफ. शेवटी कॅमेरा अर्धा तास आतच ठेवून दिला, तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर आलं. माझं आलं नाही. आत कुणीतरी ओला टॉवेल तोंडावर दाबून धरल्यासारखं वाटतं.

इथले माळीबुवा तीस वर्षं याच वाफेत आहेत. बोलणं कमी. मला 'फोटोवाले' म्हणतात. आज मात्र त्यांनी कसं काढायचं ते दाखवलं: समोरून, बाजूनं, ओठ जवळून, झाकण वरून आणि झाकण खालून, शेजारी पट्टी धरून. शिवाय खालचे घट वेगळे, वरचे वेगळे. एकाच झाडाला जमिनीजवळ बुटके, ढेरपोटे घट येतात आणि वर चढल्यावर लांबट, सडपातळ. आमच्या घराण्यात हे नेमकं उलटं होतं.

"मग ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"आकारावर जायचं नाही. आकार फसवतो," माळीबुवा म्हणाले. पुढे काहीतरी सांगणार होते, पण तेवढ्यात पाण्याचा पाइप सुटला.

कुंड्यांवरच्या पाट्या कोऱ्या आहेत, ही आणखी एक गंमत. माळीबुवांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या लाकडी पाट्या आधीच्या साहेबांनी गबाळ्या दिसतात म्हणून फेकल्या आणि छान पांढऱ्या प्लास्टिकच्या लावल्या, काळ्या शाईत. दोन वर्षांत उन्हानं शाई खाल्ली. "पेन्सिल टिकते. शाई उडते," एवढंच माळीबुवा म्हणाले. त्यांची जुनी वहीही त्याच साफसफाईत गेली.

सतरा नंबरच्या कुंडीपाशी मात्र त्यांची जीभ सैल झाली. हे झाड त्यांनी स्वतः जुळवलेलं. घटपर्णीत नर वेगळा, मादी वेगळी, आणि दोघं एकाच वेळी फुलतील तर शपथ. बापाचा पराग त्यांनी सात आठवडे ऑफिसच्या फ्रिजमध्ये, साहेबांच्या दह्याशेजारी, पुडीत जपला आणि मग आई फुलली तेव्हा रंगाच्या ब्रशानं लावला. बाप थंड डोंगरावरचा. एका उन्हाळ्यात पंखा बंद पडला आणि तो गेला. तसा दुसरा इथे कुणाकडेच नाही. "आता जे काय उरलंय ते यातच," असं म्हणून त्यांनी घटाखाली बोट धरलं, बाळाच्या हनुवटीला धरतात तसं.

मी सतराचे अकरा फोटो काढले. पोराला पोझ उत्तम येते.

शुक्रवार, ७

तीन दिवस घरी कॉम्प्युटरवर बसून सगळ्यांचं टचिंग केलं. काय अवस्था होती एकेकाची! कुणाच्या पोटावर तांबडे डाग, कुणाच्या ओठाला सुरकुत्या, कुणाच्या झाकणाच्या कडेला राठ तांबूस केस, जाळं लागल्यासारखे. सतराला तर दोन्ही, डागही आणि केसही. शेहेचाळीस जणांची दाढी केली, डाग उतरवले, रंग सगळ्यांचा एकसारखा कोवळा हिरवा केला. मॅडमनी नुसते 'फोटो' मागितले होते, मी त्यांना पोर्ट्रेट देतोय. जुन्या सवयीनं त्याच फाइलवर सेव्ह केलं आणि कार्ड पुसून टाकलं. आधीचं रूप कधी ठेवू नये. गिऱ्हाईक बघतं आणि त्याचं मन खट्टू होतं.

दुपारी लेकीचा फोन आला. नात दोन महिन्यांची झाली आणि माझ्या नातीचा मी काढलेला एकही फोटो जगात नाही, हे कुणाला सांगितलं तर हसतील. म्हटलं, रविवारी येतो कॅमेरा घेऊन. तर म्हणाली, "नंतर बघू, बाबा." मागच्या खेपेलाही तेच. वर त्या बाळाला मी गेलो की टोपी. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि हिच्या डोक्याला लोकरीची टोपी. मी बोललो तर लेक म्हणते, वारा लागतो.

हल्लीच्या मुलींचं काही कळत नाही. लेकीच्या लग्नाचा अल्बम मी स्वतः केला, चाळीस पानी. आमच्या घराण्यात कपाळावर, अगदी मध्ये, एक पांढरी बट येते. जन्मापासून. माझ्या आईला होती, मला आहे, लेकीलाही आली. शाळेत मला 'चुना' म्हणायचे. सोळाव्या वर्षी मी पहिला कलप लावला, तो आजतागायत, दर रविवारी. लेकीलाही मी बारा वर्षांची असताना बाटली आणून दिली होती. तिनं ती उघडली नाही. लग्नातही तशीच, बट मिरवत उभी राहिली. मग मी काय केलं, तर अल्बममधल्या एकूण एक फोटोत ती बट काळी केली. दोनशे बारा फोटो. बापाची भेट. आणि तो अल्बम तिनं माळ्यावर टाकलाय! भिंतीवर काय लावलंय, तर जावईबापूंच्या कुणा मित्रानं फोनवर काढलेला हललेला फोटो. त्यात ती तोंड उघडं टाकून हसतेय आणि ती बट ट्यूबलाइटसारखी चमकतेय.

हिला म्हटलं, माळ्यावर ओल असते, अल्बम खराब होईल. ही म्हणाली, "हो, ओलीचाच प्रश्न आहे," आणि आत गेली.

सोमवार, १०

मॅडम खूश. "इतके शार्प फोटो मी पुस्तकातही पाहिले नाहीत." त्यांनी जाडजूड ग्रंथ काढला आणि प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून भराभर ओळखायला सुरुवात केली. केस आहेत का? नाहीत. ठिपके? नाहीत. मग ही अमुक. पुढचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बावीस झाले.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं फार गुंतागुंतीचं असेल. यातली बरीच साधीच निघतायत."

मी म्हटलं, चांगला फोटो असला की सगळं सोपं होतं.

बुधवार, १२

सतरा नंबर साधाच निघाला! सगळ्यात सामान्य जात, गटारीच्या कडेलाही उगवते म्हणे. वर दुबार, कारण तसलेच आणखी सहा निघाले. शेरा: खड्डा.

माळीबुवा ऑफिसात आले. चपला बाहेर काढून आले, आणि वाफेबाहेर ते एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, हे झाड माझं आहे, याचे आईबाप मला माहीत आहेत. मॅडम वाईट नाहीत, पण नियमाच्या पक्क्या. "मला मान्य आहे हो, पण कमिटी तुमच्या तोंडी सांगण्यावर झाड ठेवणार नाही. वही नाही, पाटी नाही. पुरावा हा एवढाच." आणि त्यांनी स्क्रीन माळीबुवांकडे वळवला.

माळीबुवांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हा सतरा नाही."

मला राग आला. मी म्हटलं, अहो, मी स्वतः काढलाय, फाइलवर नंबर आहे. चाळीस वर्षांत माझ्याकडून एकाचा पासपोर्ट दुसऱ्याला गेलेला नाही.

"असेल," ते म्हणाले. "पण मी याला ओळखत नाही."

आणि चपला घालून गेले. म्हातारपणी नजर अधू होते, माणसानं ते मान्य करावं. तरी स्वतःच्या हातानं वाढवलेलं झाड, आणि फोटोत ओळखू नये?

सोमवार, १७

यादी गेली. तेवीस राहणार, तेवीस जाणार. कंत्राटदार एवढा तत्पर की दुपारीच हातगाडी आली. माळीबुवा रजेवर आहेत. तीस वर्षांत पहिली रजा, असं पहारेकरी म्हणाला. सतरा गाडीवर सगळ्यात वर होता. जाता जाता त्याच्या एका घटातलं पाणी माझ्या बुटावर सांडलं. बूट अजून विरघळलेला नाही.

मंगळवार, १८

आजचं लिहायला दोनदा वही मिटून पुन्हा उघडली.

मॅडम अहवालासाठी फोटो पुन्हा चाळत होत्या. मी बिल द्यायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "एक कळत नाही. शेहेचाळीस झाडं आणि एकाच्याही अंगावर एक केस नाही, एक ठिपका नाही. जशी काही सगळी ब्युटी पार्लरमधून आलीत."

मी म्हटलं, "थँक यू."

मॅडमनी हातातला माउस बाजूला सारला.

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

मग मी सांगितलं. डाग कसे काढले, केस कसे काढले, किती बेमालूम. सांगता सांगता माझा आवाज आपोआप बारीक होत गेला, कारण मॅडमचा चेहरा प्लास्टरच्या रंगाचा झाला होता. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अहो फोटोग्राफर," त्या म्हणाल्या, "कुणाचे ठिपके आईकडून येतात. कुणाचे केस बापाकडून येतात. आकार फसवतो, म्हणून आम्ही फक्त तेच बघतो. तुम्ही शेहेचाळीस झाडांचे आईबाप पुसून टाकलेत."

"मूळ फोटो?" त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

मग मॅडमची कुबडी उडत आली. लागली नाही, पण तिच्या मनात होतं.

बुधवार, १९

सकाळी सात वाजता माळीबुवांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी दार उघडलं, मी सगळं एका दमात सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत थांबलो. ते फक्त म्हणाले, "सोमवारी टाकलं ना? मग कुदळ नको. हातानं काढावं लागेल."

खताचा खड्डा बागेच्या मागच्या कुंपणापाशी आहे. तीन फूट पाला, कुजकी भाजी, आणि वर परवापासूनचं ऊन. मी आणि माळीबुवा गुडघ्यावर. मॅडम खड्ड्याच्या काठावर चाकाच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. पहारेकऱ्यानं त्यांना तिथवर ढकलत आणलं होतं आणि आता तो फुकटचा तमाशा बघत उभा होता. तेविसांपैकी सतरा कुंड्या दुपारपर्यंत निघाल्या, पण आमचा सतरा त्यात नव्हता. गाडीवर सगळ्यात वर होता म्हणून आधी पडला होता, तो एकदम तळाशी सापडला. कुंडी फुटलेली, मुळं खताच्या गरमीनं वाळलेली, घट बहुतेक चिरडलेले. एकच धड उरला होता, खालचा, बुटका, ओठ फाटलेला, आत मेलेल्या मुंग्या.

माळीबुवांनी तो चिखलातून उचलून तळहातावर धरला. "फोटो काढा," ते म्हणाले.

मी पुसायला रुमाल काढला. मग माझा मीच थांबलो आणि रुमाल खिशात घातला. चिखलासकट काढला, फाटलेल्या ओठासकट, पोटावरच्या तांबड्या डागांसकट, मुंग्यांसकट. झाकण उलटून जवळून काढलं, तर कडेनं दोन ओळी राठ केस, तांबूस, उन्हात उभे राहिलेले. मी यांना जाळं म्हटलं होतं.

मॅडमनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघितलं, मोठं करून बघितलं, पुन्हा बघितलं. मग हळूच आईचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, दोन्ही लॅटिनमध्ये. माळीबुवा मान हलवत राहिले. "मी हेच म्हणत होतो," ते म्हणाले, "फक्त मला ती भाषा येत नाही." मग माझ्याकडे वळून, अजिबात न रागावता म्हणाले, "फोटोवाले, तुम्ही याच्या बापाची दाढी केलीत हो. ते केस म्हणजेच बाप. बाकी कुठे काही राहिलंय त्याचं?"

हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही.

मूळ झाड वाचणार नाही. पण खोड मधोमध हिरवं होतं. माळीबुवांनी ब्लेडनं त्याचे चार तुकडे केले, प्रत्येकावर दोन डोळे राखून, आणि ओल्या शेवाळात लावले. रुजले तर रुजले. मॅडमनी तिथेच मांडीवर कागद घेऊन कमिटीला लिहिलं: यादी रद्द समजावी, चूक माझ्या कार्यालयाची. माझं नाव घातलं नाही. घालायला हवं होतं, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला शिक्षा वेगळी आहे. चाळीस कुंड्या पुन्हा काढायच्या. फुकट."

शुक्रवार, २१

दोन दिवस झाडं पुन्हा काढतोय. कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. घरी आलो की बैठकीतल्या आईच्या फोटोसमोर उभा राहतो.

माझ्या हातचा सर्वांत चांगला फोटो, असं मी लोकांना सांगायचो. काळेभोर केस, एक डाग नाही. छाप्यावर बारीक ब्रशानं शाई लावून ती बट मी बुजवली होती, आणि निगेटिव्ह स्टुडिओ रिकामा करताना भंगारात गेली. आज सगळी खोकी उपसली. आईचे एकूण नऊ फोटो. नऊच्या नऊ काळे. माझं कामच पक्कं.

आई कामाला वाकली की ती बट डोळ्यांवर यायची आणि ती फुंकर मारून उडवायची, हात पिठाचे असायचे म्हणून. हे मला आज किती वर्षांनी आठवलं. कुठल्याही फोटोत नाही ते. न्हाणीघरात जाऊन आरशात माझी बट शोधली. मागच्या रविवारी कलप राहून गेला होता, मुळं दिसत होती. पण साठीत सगळंच पांढरं येतं. त्यात बट कुठली, ओळखू येईना. चव्वेचाळीस वर्षं लपवली आणि आता दाखवायची म्हटलं तर सापडत नाही.

म्हणजे आता ती फक्त लेकीच्या कपाळावर आहे. आणि... मग एकदम ती लोकरीची टोपी आठवली, आणि मी तसाच स्टुलावर बसलो.

ही दारात आली. मी विचारलं, "बाळाला पण आहे?"

"जन्मापासून," ही म्हणाली.

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" ही म्हणाली. आणि मी काय केलं असतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी रडलो. लिहून ठेवतो, वही खासगी आहे.

रविवार, ३०

कलप न लावता बसमध्ये बसलो. एका मुलीनं उठून जागा दिली. इतक्या वर्षांत हे सुख कुणी सांगितलं नव्हतं.

जुना फिल्मचा कॅमेरा नेला होता, एक रोल घालून. लेकीनं दार उघडलं, आधी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. बाळ टोपीत होतं.

मी ठरवून गेलेलं भाषण विसरलो. म्हटलं, "तुझ्या लग्नाचे मूळ फोटो मी ठेवले नाहीत. आजीचेही नाहीत. माझ्याकडे काही नाही. हिची टोपी काढशील का?"

"आणि मग?" ती म्हणाली. "घरी नेऊन काळी करणार?"

"रोल धुतला की निगेटिव्ह तुला देणार. मी फक्त एक छापा घेणार."

ती बाळाला घेऊन आत खुर्चीत बसली. भिंतीवर तो फोनवरचा फोटो होता. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. हललेला आहे, प्रकाश चुकलाय, आणि त्यात माझी लेक आहे. अल्बमच्या चाळीस पानांत कोण आहे ते मला सांगता येणार नाही.

तिनं टोपी काढली. एवढंसं डोकं, आणि कपाळावर मधोमध कापसाएवढी पांढरी बट, घामानं चिकटलेली. लेकीनं वाकून हळूच फुंकर मारली. बट उभी राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती वर्षाचीही नव्हती.

माझा हात हलला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तरी मी फोकस बटेवरच ठेवला.

शनिवार, ५

चारपैकी तीन तुकडे कुजले. चौथा अजून हिरवा आहे. माळीबुवा म्हणतात, एवढ्यात आशा धरू नका, आणि स्वतः दर तासाला जाऊन बघतात. त्यांनी त्याला लाकडी पाटी लावलीय. आईचं नाव, बापाचं नाव, तारीख.

निगेटिव्ह लेकीला पोस्टानं पाठवल्या. एक छापा आईच्या फोटोशेजारी लावतोय. फोटो थोडा हललाय, गिऱ्हाइकानं परत केला असता. चौकटीत घालण्याआधी मागे लिहिलं: नात, तीन महिने. खाली आधी 'बट आजीची' लिहिलं, मग ते खोडून 'पणजीची' केलं. माळीबुवांकडून मागून आणलेल्या पेन्सिलीनं.